मदत हवी आहे: ओरेगनच्या उंचावरील वाळवंटात आई-बाबांसह मुक्काम

नमस्कार. आम्ही पोर्टलंडला राहतो. सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन आग्नेय ओरेगनमधील स्टीन्स पर्वत (उंची सुमारे ९,७०० फूट) आणि त्याच्या पूर्व पायथ्याचे अल्वर्ड वाळवंट पाहण्याचा विचार आहे. बाबांना मात्र वाळवंट म्हटले की जैसलमेरच आठवते. स्टीन्स-अल्वर्ड परिसरातील बरीचशी सरकारी जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी केंद्र सरकारच्या खात्याकडे असून तेथे अनेक ठिकाणी मोकळ्यावर तंबू ठोकता येतो. परंतु सेजब्रशच्या झुडपांमधली काळपट, खडबडीत माती म्हणजे शेवाळ आणि दगडफुलाने धरून ठेवलेला सजीव थर असतो व चाकाखाली चिरडल्यास तो भरून यायला कित्येक वर्षे लागतात, म्हणून जागा जपूनच निवडायची आहे.

पावसानंतर अल्वर्डच्या, म्हणजे आटलेल्या सरोवराच्या, सपाट तळावर गाडी नेण्याजोगी जमीन वाळली आहे, हे कसे ओळखावे? गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी शौचाची सोय आपण कशी केलीत? तसेच, प्राँगहॉर्न हा हरणासारखा प्राणी सहसा कुंपणावरून उडी न मारता तारेखालून सरकतो, त्यामुळे जुनी काटेरी तार काढण्याचे श्रमदान तेथे चालते; त्यात नवख्यांना घेतात का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.