ठिसूळ कण 'तुटतो' की 'फुटतो'?

लातूरहून : ठिसूळ कण प्रतिबलाखाली (स्ट्रेस, म्हणजे दर क्षेत्रफळामागचं बल) कसे मोडतात याच्या गणिती प्रारूपावर माझा प्रबंध आहे. मराठी सारांशात 'कणभंजन' लिहिलं होतं. काकांचा जन्म डाळमिलमध्ये गेला, ते म्हणाले, "हे मोंढ्यात कुणाला कळंल?" मग 'तुटणे' लिहू का?

जालन्याहून : तुटणे नको. दोरी तुटते, तार तुटते. मडकं, काच, दगड फुटतात. न वाकता, न ताणता एकदम ठिकऱ्या होणं 'फुटणे'तच आहे. आणि 'टिचणे' विसरू नका. टिचलेल्या कपातून आपण महिनोन्‌महिने चहा पितो. एक दिवस गरम पाणी ओतलं की तो त्याच टिचेवर फुटतो. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 साली हेच मांडलं, की काचेची ताकद तिच्यातल्या बारीक भेगा ठरवतात. म्हणून काचेचा तंतू जितका बारीक तितका मजबूत निघाला. मोठ्या कणात मोठी टीच असण्याची शक्यता जास्त, म्हणून तो कमी प्रतिबलाला फुटतो. वायबुल या स्वीडिश अभियंत्याने 1939 मध्ये याला संभाव्यतेचं सूत्र दिलं. त्यातला घातांक मोठा असला तर सगळे कण जवळपास एकाच प्रतिबलाला फुटतात. लहान असला तर कोणता कधी फुटेल याचा नेम नाही.

परभणीहून : 'भरडणे'ही ठेवा, पण त्याच्या जागी. तूर आपण भरडतो, फुटतो तो दाणा. अजून एक, 'दाबाने फुटतो' एवढंच लिहू नका. दाणा दोन बाजूंनी दाबला की त्याच्या पोटात आडवा ताण तयार होतो. ठिसूळ पदार्थ दाब पुष्कळ सोसतो, ताण सोसत नाही.

लातूरहून : हे फार उपयोगी पडलं. प्रारूपात दोन फलनं (फंक्शन्स) आहेत. कण किती वेगाने फुटतात ते पहिलं, त्याला 'फुटीचा दर' म्हणेन. फुटल्यावर कोणत्या आकाराचे तुकडे किती, हे दुसरं. काकांनी 'उतारा' सुचवला.

जालन्याहून : शब्द गोड आहे, पण उताऱ्यात फक्त डाळ मोजतात. तुम्हाला डाळ, कणी, चुणी, पीठ सगळंच मोजायचंय. 'फुटीची वाटणी' कसं वाटतं? वाटणीत सगळ्यांचे हिस्से मिळून मूळ वजन भरलंच पाहिजे, आणि तुमच्या फलनाची अटही तीच आहे.

लातूरहून : घेतला.