बारा महिने बघत बसावी अशी बाग: झाडं आणि पुस्तकं सुचवा

गच्चीवाली:
नर्सरीत जे फुललेलं दिसेल तेच मी उचलून आणते. त्यामुळे थंडीत गच्ची गच्च फुललेली आणि ऊन तापलं की नुसत्या काड्या. दोन वर्षांपूर्वीची शेवंती हिरवीगार आहे, हातभर वाढलीय, पण कळीचा पत्ता नाही. खतं सगळी देऊन झाली. प्रत्येक ऋतूत काहीतरी बघण्यासारखं राहील अशी कुंडीतली झाडं सुचवा. सोबत ऋतूंप्रमाणे वाचता येईल असं पुस्तकही. 'कुठलं खत किती चमचे' छापाचं नको, तसली तीन आहेत.

मातीखाऊ:
उन्हाळ्याला मोगरा. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरता सरता जीव घट्ट करून छाटायचा. पावसाला गवतासारख्या पातीची लिली. कांदे मातीत गप्प पडून असतात आणि चांगली सर आली की चार-सहा दिवसांत फुलं. मोठी कुंडी असेल तर पांढरा चाफा. पानं झडली की लोक मेला समजून उपटतात, पण तो झोपलेला असतो. नखाने साल जरा खरवडा, खाली हिरवं दिसलं की जिवंत. तेव्हा पाणी मात्र कमी, नाहीतर बुंधा कुजतो.

जुनी_कात्री:
शेवंतीला खत नको, अंधार हवा. ती रात्र मोजते. रात्री लांबल्या की कळी धरते, आणि मधेच उजेड पडला तर हिशोब चुकतो. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलायची झाडांची खोड गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखूवरच्या प्रयोगांतून मांडली. तुमच्या कुंडीवर रात्री एखादा दिवा पडतो का, ते आधी बघा. कुंडी हलवता येत नसेल तर संध्याकाळी सहाला खोकं पालथं घालायचं, सकाळी आठला काढायचं. रोज, खाडा न करता. साधारण महिन्याभरात शेंड्याला मिरीएवढ्या कळ्या दिसायला लागतात.

पुस्तकी_माळी:
कारेल चापेक यांचं 'द गार्डनर्स इयर', मूळ चेक, १९२९चं. 'रोबोट' हा शब्द ज्यांच्या नाटकातून आला तेच हे. महिन्यावार लिहिलंय, चित्रं भावाची, योसेफची. थंड मुलखातली बाग आहे, त्यामुळे वेळापत्रक म्हणून वापरू नका; माळ्याच्या वेडेपणावर हसायला वाचा. मराठीत दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६). ते बागकामाचं नाहीच, पण झाडाकडे बघायचं कसं ते त्यातून कळतं. एका बैठकीत संपवू नका. त्या त्या महिन्याचा लेख त्या त्या महिन्यात.

गच्चीवाली:
आत्ता वर जाऊन आले. जिन्याचा दिवा बरोब्बर शेवंतीच्या डोक्यावर आहे, आणि तो रात्रभर चालू ठेवायचा हट्ट माझाच! कुंडी टाकीमागे ढकलली. चाफ्याचं मात्र उशिरा कळलं. गेल्या वर्षी एक उपटून फेकलाय, साल न खरवडता.