'इथले इंजिनिअर तुमच्यापुढे पाणी भरतील' म्हणे!

ओळंबा:
परवा एका महाशयांनी नव्या सिव्हिलवाल्यांना सल्ला दिला: "पहिली पाच वर्षं गल्फमध्ये काढा. परत याल तेव्हा इथले साइट इंजिनिअर तुमच्यापुढे पाणी भरतील." दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण डोकं शांत होईना, म्हणून हा वेगळा धागा.

सोळा वर्षं साइटवर आहे, पुणे ते कराड. असाच एक पाचवर्षीय दुबईवीर आमच्याकडे लागला होता. पगार माझ्याहून जास्त, ते सोडा. कराडकडे पार्किंगवर तीन मजले, जमीन काळी. साहेब पाच फुटांवर खोदाई थांबवून पीसीसी, म्हणजे पायाखालचं साधं काँक्रीट, टाकायला निघाले, का तर ड्रॉइंगवर पाच फूट लिहिलंय. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मुरूम लागेपर्यंत खाली जायचं असतं, हे आमच्या मुकादमालाही कळतं. त्यानेच काम थांबवलं. मुरूम नऊ फुटांवर लागला.

तिकडे पाच वर्षं हा एकाच टॉवरचे क्यूब रिपोर्ट, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचणीचे कागद, फायलीला लावत होता. काँक्रीटचं ब्रिटिश मानक बीएस 8110 तोंडपाठ, भूकंपासाठीच्या आपल्या आयएस 13920 चं नावही ऐकलेलं नाही. 1967 ला कोयनेच्या भूकंपाने हलवलेल्या मुलखात कॉलमच्या रिंगचा हूक 135 अंशांत का वाकवायचा, हे मी त्याला शिकवायचं आणि त्याच्यापुढे पाणीही भरायचं?

सुलेमानी:
ते महाशय मीच. तुमच्या वाट्याला आलेला पोरगा मठ्ठ होता, त्याचं बिल दुबईच्या नावावर का फाडताय? सोळा वर्षं काँक्रीटचे रिपोर्ट फायलीला लावणारे पुण्यातही ढिगाने आहेत.

मी काय शिकलो ते ऐका. कन्सल्टंटचा माणूस सळई, तिच्यावरच्या काँक्रीटचं कव्हर, शटरिंग स्वतः बघून सही करेपर्यंत काँक्रीटची गाडी गेटच्या आत येत नसे. इथे कन्सल्टंट लग्नात जेवता जेवता व्हॉट्सअॅपवर फोटो बघतो आणि अंगठा पाठवतो. तिकडे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम कायद्यानेच बंद. इथे मे महिन्यात बिगारी स्लिपर घालून तिसऱ्या मजल्याच्या कडेला उभा. मी नुसता बेल्ट मागितला, तर महिनाभर मला सगळे 'शेख' म्हणत होते.

खडीक्रशर:
शेख, रागावू नका, पण पाणी भरण्याचं निघालंच आहे तर आपल्याकडे स्लॅबला पाणी कोण मारतं तेवढं सांगा.

टपटप_404:
मी इंजिनिअर नाही, नुसता फ्लॅटवाला. पण याचं उत्तर मला माहीत आहे: कोणीही मारत नाही! आमची बिल्डिंग होत असताना मी दर रविवारी जायचो. मला गेटवर पाहिलं की एक पोरगा पाइप घेऊन वर पळायचा. एकदा बुधवारी न सांगता गेलो. स्लॅब तीन दिवसांचा, वर बोट फिरवलं तर पांढरी धूळ. आज पावसाळ्यात हॉलमध्ये दोन बादल्या असतात. बिल्डर म्हणतो, सात दिवस पाणी मारलं होतं, नियमाप्रमाणे.

सळई:
404, त्याचा नियमही अर्धाच आहे. काँक्रीटच्या आपल्या मानकातले, आयएस 456 मधले, सात दिवस साध्या ओपीसी सिमेंटचे. गोणीवर पीपीसी लिहिलेलं असेल, म्हणजे फ्लाय अॅशवालं, तर किमान दहा, आणि शिफारस चौदाची.

खडीक्रशर:
चौदा! ताई, एप्रिलमध्ये टँकर स्वतःच्या खिशातून मागवून बघा. गावात प्यायला पाणी नाही आणि मी स्लॅबवर आळी करून तळं साचवू?

सुलेमानी:
तिकडे तर समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात, तरी क्यूरिंग, म्हणजे हे पाणी मारणं, चुकत नाही. ओलं गोणपाट, वर प्लास्टिक. पाणी कमी लागतं.

ओळंबा:
गोणपाट शिकायला दुबई! अहो, विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, 1903 ला खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे बसवले आणि मग 1906 ला अरबस्तानातल्या एडनला गेले. शिकायला नाही, तिथल्या पाण्याची आणि गटारांची व्यवस्था सांगायला.

सुलेमानी:
आणि 1898 ला जपान बघून आले होते. दरवाज्यांच्या आधी. तेवढं पान बरं गाळलंत!

ओळंबा:
रजा काढून बघायला गेले होते, नोकरीला नाही. तेव्हाही इथे पंधरा वर्षांच्या आसपास काम झालेलं होतं. आधी घरचं, मग बाहेरचं, हेच तर मी म्हणतोय.

सळई:
तुमचं 'आधी घरचं' मी केलंय. सांगलीत दोन वर्षं. "मुलीला साइटवर कशाला", म्हणून ऑफिसात बसवून बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळई कापण्या-वाकवण्याचे तक्ते, करायला लावलं. मस्कतला पहिल्याच आठवड्यात बूट दिले आणि पहाटे चारच्या ओतकामाला उभं केलं, रडू येईपर्यंत. चार वर्षांनी परत आले. मुलाखतीत पहिला प्रश्न: लग्न? नोकरी मिळाली, टेबल तेच, शेड्यूल तेच. कन्सल्टंटच्या चुका आता मला टेबलावरूनच दिसतात, एवढाच फायदा. त्याचे पैसे इथे कोणी देत नाही. काळ्या मातीतलं फाउंडेशन मात्र मला आजही स्वतःच्या भरवशावर घेता येणार नाही. ओळंबाजींचं तेवढं खरं.

खडीक्रशर:
बघा, ताईंनीच निकाल दिला. जाऊ नका.

सळई:
माझ्या तोंडी काहीही घालू नका. मी पुन्हा जाईन. सांगलीतल्या त्या टेबलावर कोण राहील?

ओळंबा:
बरं. ती सहीची पद्धत चांगली आहे, मान्य. गेल्या वर्षी आमच्याकडेही सुरू केली. कोणी सुरू केली विचारू नका.

सुलेमानी:
तोच मठ्ठ?

ओळंबा:
फाउंडेशनमध्ये मठ्ठच आहे तो. कागदात बरा आहे. परवा कव्हर ब्लॉक कमी दिसले म्हणून त्याने सही केली नाही, दोन गाड्या परत गेल्या, मालकाच्या शिव्या मी खाल्ल्या. शनिवारी पुन्हा स्लॅब आहे. बघायचं असेल तर या.

सुलेमानी:
येतो. बेल्ट माझा मी आणतो.

टपटप_404:
माझ्या गळतीचं कोणी सांगेल का?

सळई:
पाऊस थांबला की वर आळी करून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालून ओल कुठे येते त्यावर खडूने खूण करा. बहुतेक वेळा स्लॅब नसतो, नहाणीचा ट्रॅप किंवा पाइपचा सांधा असतो. शोध लागेपर्यंत वॉटरप्रूफिंगवाल्याला आगाऊ पैसे देऊ नका.