मात्रा अक्षरासोबतच फिरू द्या

मात्रा आणि जोडाक्षरांमुळे मराठीत गूढ शब्दकोडी (इंग्रजीतली 'क्रिप्टिक' कोडी, ज्यांच्या संकेतात उत्तराचा अर्थ आणि अक्षरांचा खेळ दोन्ही दडलेले असतात) जमणारच नाहीत, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. इंग्रजीसारखी सुटी अक्षरं हवी तशी विस्कटता येत नाहीत, हे खरं. पण एकक म्हणून पूर्ण अक्षर धरलं, मात्रेसकट, तर बरंच काही जमतं. 'गरीब उलटला की वाहते ती (२)', कंसात उत्तराची अक्षरसंख्या: गरीब म्हणजे दीन, तो उलटा वाचला की नदी. दीर्घ ईकार 'द'बरोबरच सरकला, कुठे अडलं नाही.

शब्द फोडून जोडण्यात तर मराठी फारच श्रीमंत आहे. गेल्या चवथीला गोव्यात म्हापशाच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची सजावट, बांधताना मी विचारलं, 'परंतु नम्र होकार देणारी आजीची आई (३)'. इंग्रजी कोडं कधी न पाहिलेल्या माझ्या मामीने हातातली सुपारीची शिपटी (घड) न सोडता उत्तर दिलं: पण अधिक जी, पणजी! मग तीच म्हणाली, 'अरे, नुसतं आजीची आई आणि गोव्याची राजधानी म्हटलं असतंस तरी चाललं असतं.' म्हणजे एकाच उत्तराचे दोन अर्थ शेजारी ठेवायचे, हा दुहेरी व्याख्येचा प्रकार तिने आपला आपणच शोधला. मला तिचाच संकेत जास्त आवडला, त्यात एकही शब्द फुकट नाही.