सर गेले, आणि आपण त्यांची भाषा आणि पगार मोजायला बसलो?

आल्तिनोकर: रेडिओवरचे सर गेले. घरच्यांची विनंती आहे म्हणून नाव लिहीत नाही. ज्यांच्या घरी सकाळी पणजी केंद्र लागायचं त्यांना ते सांगायची गरजही नाही. मी श्रद्धांजलीच्या दोन ओळी लिहिल्या, तर खाली 'डिचोलीचा श्रोता' यांचं उत्तर आलं: "पोर्तुगीजांच्या एमिसोरा रेडिओत चाकरी केली, मग जन्मभर इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, कॉयर (गायकवृंद) चालवला. मराठी माणसांनी गळे काढावेत असं आमच्यासाठी त्यांनी काय केलं?" रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

एमिसोरा द गोवा १९४६ साली सुरू झाली. सर तिथे लागले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. माइकसमोर बोलून चार पैसे मिळतील असं दुसरं ठिकाण तेव्हा पणजीत होतं कुठे? १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच महिन्यात पणजीतून आकाशवाणी बोलू लागली. सर राहिले आणि मराठी शिकले. एका निवृत्त मास्तरांकडे संध्याकाळी जाऊन बसायचे. 'चार'मधला च आणि 'चांगला'मधला च वेगळा, हे त्यांनी घोटून घोटून जिभेवर आणलं. मी त्यांच्या हाताखाली काम केलंय. वाचायच्या कागदावर ते पेन्सिलीने तिरक्या रेघा मारायचे. श्वास घ्यायचा तिथे एक रेघ, थांबायचं तिथे दोन. कॉयरच्या कागदांवरही त्याच रेघा असत. आज मराठी निवेदक वाक्याच्या मधेच धापा टाकतात ते ऐकताना त्या रेघा आठवतात. आमच्यासाठी त्यांनी काय केलं, तर आमची भाषा नीट ऐकवली.

डिचोलीचा श्रोता: रेघांचं कौतुक पुरे. गोव्याच्या रेडिओचा खरा इतिहास सरहद्दीवरच्या रानात घडला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ च्या नोव्हेंबरात गुप्त केंद्र सुरू केलं आणि मुक्ती होईपर्यंत चालवलं. सहा वर्षं रानात! त्याच काळात एमिसोरातले लोक पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने दिलेल्या बातम्या वाचत होते. माझे आजोबा आग्वादच्या तुरुंगात होते. आमच्या घरात एमिसोरा लावायला बंदी होती. तुमच्या सरांचा आवाज गोड असेल, मी नाही म्हणत नाही, पण आम्हाला तो गोड कसा लागणार?

मडगावकर: आजोबांना नमस्कार. पण तुम्ही अर्धंच सांगितलंत. रानातलं ते केंद्र बोलायचं कुठल्या भाषांत? पोर्तुगीज आणि कोकणीत. १९ डिसेंबरला याच दोघांनी विमानातून लाउडस्पीकरवर पोर्तुगीज शरण आल्याचं सांगितलं, तेही त्याच दोन भाषांत. म्हणजे पोर्तुगीज बोलला तो फितूर, हा हिशेब तुमच्याच नायकांवर उलटतो. लिबियाबाईंना पद्मश्री मिळायला २०२५ उजाडलं, त्यावर लिहा की एवढं पोटतिडकीने!

पेडण्याचा: पोर्तुगीज आणि कोकणी! रानातही मराठी नाही, विमानातही नाही. नव्या काबिजादींत, म्हणजे पेडणे-डिचोलीसारख्या पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या तालुक्यांत, आमची शाळा, कीर्तन, नाटक, देवळातला फलक, सगळं मराठी, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यात राजभाषा म्हणून एकट्या कोकणीचं नाव. मराठी सरकारी कामात 'वापरता येईल', एवढीच कृपा.

मडगावकर: झालं सुरू. बाबा, त्याच कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरी कोकणी असं ठरवलं आणि ख्रिस्तावांची रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोकणी, बाहेर ठेवली. सर कोकणी बातम्या देवनागरीतून वाचायचे आणि घरी पत्रं रोमीत लिहायचे. सगळा अन्याय तुमच्याच वाट्याला आला असं समजू नका.

पेडण्याचा: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं या १९६७ च्या कौलात रोमीवाल्यांनी विलीनीकरणाच्या फुलाऐवजी वेगळं राहण्याच्या दोन पानांवर शिक्का मारला तेव्हा आमचा विचार केला होता का?

मडगावकर: दोन पानांवर नुसत्या ख्रिस्तावांनी शिक्के मारले? हिंदूंची मतं नव्हती त्यात? आणि विलीन झालो असतो तर आज दक्षिण रत्नागिरीचा एक तालुका म्हणून बसला असता. तोंड सांभाळून लिहा.

पेडण्याचा: तोंड तुम्ही सांभाळा. माझ्या बापाने मराठी शाळेत पदरमोड करून मुलं शिकवली आहेत.

फोंड्याची गायिका: अहो, माणूस जाऊन आठवडा नाही झाला आणि तुम्ही कौल मोजताय! मी सरांच्या कॉयरमध्ये गायले आहे. चर्चच्या नव्हे, त्यांनी शहरात सगळ्यांसाठी जमवलेल्या. मी देवळाच्या भजनात वाढलेली. मला ऑल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, रांगेत उभं केलं तेव्हा तीन दिवस रडू येत होतं, कारण चाल सोप्रानोंकडे आणि माझ्याकडे नुसते खालचे सूर. सर ट्युनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचे आणि म्हणायचे, "तुझा सूर कोणाला वेगळा ऐकू येणार नाही, पण तू थांबलीस तर सगळ्यांना कळेल." घरच्यांना वाटत होतं मुलगी बाटणार. पहिल्या कार्यक्रमाला आई आली, मांडो हे गोंयचं गाणं ऐकलं, मातीचं घुमट वाजलं आणि म्हणाली, हे तर आपलंच घुमट.

डिचोलीचा श्रोता: ताई, तुमचा अनुभव तुमच्यापाशी. पण चार आवाजांत गाणं ही आपली रीत नव्हे. आपल्याकडे केसरबाई झाल्या, दीनानाथ झाले, अभिषेकीबुवा झाले. एक गळा, एक तंबोरा.

आल्तिनोकर: अभिषेकीबुवांनी मुंबई आकाशवाणीवर नोकरी केली आहे, तेव्हा रेडिओची चाकरी एवढी हलकी मानू नका. आणि चार आवाज परके म्हणता, तर वसंत देसाईंनी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांकडून समूहगान करून घेतलं ते काय होतं? इगर्जीच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य सुरांची सारेगम) आणि व्हायोलिन शिकवायचे. तसल्या शिक्षणातून आलेली गोंयकार मुलं मुंबईत गेली आणि हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद त्यांनी उभा केला. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. शंकर-जयकिशनचं स्वरलेखन आणि संयोजन सेबॅस्टियन डिसोझांचं. डिचोलीत लग्नाच्या मांडवात जी गाणी वाजतात त्यांत आमच्या इगर्जीचा सोल्फा आहे. ती गाणी तुम्हाला चालतात, आणि शिकवणारा मेस्त मेला की तो परका?

डिचोलीचा श्रोता: सिनेमाचं ठीक आहे. ते मला माहीत होतं. एमिसोराचं मात्र मी सोडणार नाही.

आल्तिनोकर: सोडू नका. सर स्वतःही सोडत नव्हते. मुक्तीच्या आधी वाचलेल्या बातम्यांबद्दल विचारलं की ते विषय बदलत नसत. म्हणायचे, वाचल्या, पोटासाठी वाचल्या. तुमच्या आजोबांसारख्या माणसासमोर ते मान खाली घालून बसले असते. पण मी त्यांना ओळखत होतो त्या काळातलं सगळं काम मी त्या पाच-दहा मिनिटांच्या कागदाखाली गाडू देणार नाही.

पेडण्याचा: त्यांच्या आवाजातलं मराठी काही उरलंय का? माझ्या आईला ऐकवायचं होतं. भाषेवर मी बोललो त्यातला एक शब्दही मागे घेत नाही.

फोंड्याची गायिका: टेपांवर टेपा चढवून बरंच पुसलं गेलं. माझ्याकडे एक कॅसेट आहे, अर्ध्यात बातम्या आणि अर्ध्यात कॉयरची तालीम. कॅसेट प्लेअर कोणाकडे चालू स्थितीत आहे? रविवारी फोंड्याला माझ्या घरी ऐकू.

मडगावकर: प्लेअर आहे, मी आणतो. पेडण्याहून कोणी येत असेल तर म्हापशाला थांबा, तिथून गाडीत घेतो. आईंनाही घेऊन या.

डिचोलीचा श्रोता: मीही येईन. आजोबांचा फोटो बरोबर आणणार, आणि एमिसोरातलं काही लागलं तर उठून जाणार. आधीच सांगून ठेवतो.