मदत हवी आहे: आरसी (रिमोटवरच्या) ट्रकचा पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, १७ दातांचा २३ केला, मोटर भाजून निघतेय

मंडळी नमस्कार. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो, गिअरशी रोजचा संबंध. तरी दोन वितांच्या खेळण्याने माझी विकेट काढली आहे.

भाच्यासाठी सेकंडहँड १/१० स्केलचा ट्रक घेतला (भाच्यासाठी म्हणजे कोणासाठी, हे तुम्हाला कळलंच असेल). मोटर ब्रशलेस ३३०० केव्ही (किलोव्होल्ट नव्हे, एका व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे), बॅटरी टू-एस लायपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर) ७.४ व्होल्ट. मोटरवर १७ दातांचा पिनियन, समोर ६४ चा स्पर (पिनियनने फिरणारा मोठा गिअर), पुढे डिफपर्यंत (दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअर-संच) वेगात आणखी २.६ पट घट. जरा पळू दे म्हणून २३ चा पिनियन आणला. दुकानातूनच, कंपनीत हॉबिंगला (मशीनवर दात पाडायला) टाकला असता तर सुपरवायझरने मलाच मशीनवर चढवलं असतं.

रविवारी गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला गवतात सोडला. तीन मिनिटं सुसाट, मग आचके देत बंद. मोटरवर बोट एक सेकंद टिकेना, आणि तो जळकट वार्निशचा वास.

सहाच दात वाढवले, त्याने एवढं होतं? दुसरं, पिनियनच्या पाकिटावर ३२ पिच (व्यासाच्या दर इंचाला ३२ दात) आहे आणि स्पर ०.८ मॉड्यूलचा (दर दाताला ०.८ मिलिमीटर व्यास). २५.४ भागिले ३२ म्हणजे ०.७९, म्हणून बसवला. चुकलं का?

प्रतिसाद १

पिचचं बरोबर आहे, ३२ आणि ०.८ एकमेकांत चालतात. ४८ पिच असता तर स्परचे दात सोलून निघाले असते.

गोम त्या सहा दातांतच आहे. एकूण घट आधी ६४ भागिले १७ गुणिले २.६, म्हणजे ९.७९. आता ७.२३. चाक ११ सेंटिमीटरचं धरलं तर कागदावर ताशी ५२ किलोमीटरचे ७० झाले, पण चाकाला तेवढाच जोर द्यायला मोटरला ३५ टक्के जास्त करंट लागतो. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: १.३५ चा वर्ग, १.८ पट! कसारा घाट सायकलने चढताना पुढचं मोठं चाक टाकून बघा, मांड्या सांगतील. वर गवत. आणि ईएससीने (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) स्वतःला वाचवायला बंद केलं असेल तर त्याचे आभार माना.

गवतासाठी १७ किंवा १५ च. २३ गुळगुळीत डांबरावर, तोही दोन-दोन मिनिटं, हात लावून बघत. मोठी चाकं टाकलीत तर पिनियन आणखी लहान घ्या, कारण चाक वाढवणं म्हणजे पिनियन वाढवण्यासारखंच.

पिनियन बदलला की मोटर सरकवून मेश (दोन गिअरच्या दातांची पकड) पुन्हा लावायचा. वहीच्या कागदाची पट्टी दातांत घालून फिरवा. चुण्या पडून अखंड बाहेर आली की झालं, फाटली तर घट्ट आहे. पिनियनला शाफ्टवर धरणारा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर, हे तुम्हाला काय सांगायचं. स्लिपरचा (झटका बसला की घसरून गिअर वाचवणारा क्लच) नट मात्र पूर्ण आवळू नका.

धागाकर्ता

१७ चा परत बसवला. मागच्या एक्सलभोवती सुतळीसारखं वाळकं गवत गुंडाळलेलं निघालं, तेही कापलं. काल दहा मिनिटं सलग चालला, बोट आरामात टिकलं. भाचा म्हणतो, मामा, गाडी म्हातारी झाली.