नोकरी सांभाळून कपड्यांचा ब्रँड : इंदूरकरांचे अनुभव

इंदूरमध्ये राहणाऱ्याला कापड शोधायला लांब जावे लागत नाही. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट गावातच आहे, हातमागाच्या साड्यांचे महेश्वर साधारण नव्वद किलोमीटरवर आहे आणि लाकडी ठशांच्या छपाईसाठी ओळखले जाणारे बाग हे गाव शेजारच्या धार जिल्ह्यात. तरीही नोकरी न सोडता स्वतःच्या नावाचे कपडे विकू पाहणाऱ्यांना अडचणी नेमक्या कुठे आल्या, हे सविस्तर वाचायला मिळावे यासाठी हा धागा. आपला अनुभव खर्चाच्या आणि वेळेच्या तपशिलांसह लिहावा, ही विनंती.

सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, रामबाग

मी बाग प्रिंटच्या चाळीस कुर्त्यांनी सुरुवात केली. तुरटीच्या साहाय्याने बसणारा लाल आणि लोखंडाच्या गंजापासून होणारा काळा हे या छपाईचे मूळ रंग. ते पक्के व्हावेत म्हणून कापड वारंवार धुतले जाते. त्यामुळे शिवण्यापूर्वी ते पुन्हा भिजवण्याची गरज नाही, असे मी गृहीत धरले आणि तिथेच चुकले. आटण्याचे प्रमाण अवघे चार टक्के धरले, तरी शेहेचाळीस इंचांचा कुर्ता पावणेदोन इंचांहून अधिक आखूड होतो. पहिल्याच धुण्यानंतर तीन गिऱ्हाइकांनी कुर्ते परत पाठवले. त्यांतल्या एक आईच्या भिशीतल्या काकू होत्या. त्या रागावल्या नाहीत, फक्त कुर्ता टेबलावर पसरून त्यांनी मला उंची मोजायला सांगितली, आणि ते मला फार लागले.

तेव्हापासून प्रत्येक ताक्यातून एक मीटर तुकडा कापून, त्यावर चौकोन आखून, तो धुऊन मोजल्याशिवाय मी कुर्ते शिवणाऱ्या मास्टरजींकडे कापड देत नाही. शुक्रवारी रात्री कापड भिजवायचे, शनिवारी गच्चीवर वाळवायचे आणि रविवारी कटिंग, असा क्रम बसला आहे. पावसाळ्यात तो मोडतो, कारण छापणाऱ्यांनाही उन्हाची वाट पाहावी लागते. म्हणून दिवाळीचे कापड मी मे महिन्यातच घेऊन ठेवते. पगार चालू असल्यामुळे हे पैसे पाच महिने अडकून राहिले तरी घर चालते. रंग फुटलेला ताका परत करण्याचे धैर्यही मला त्या पगारानेच दिले आहे, असे मी मनापासून मानते.

राज्य शासनाच्या सेवेत, सुदामानगर

मध्य प्रदेश नागरी सेवा (आचरण) नियम, 1965 नुसार पूर्वपरवानगीशिवाय आम्हाला व्यवसाय करता येत नाही. आमचा ब्रँड पत्नीचा आहे. कापडाच्या निवडीपासून हिशेबापर्यंत सर्व निर्णय तीच घेते आणि मी तशी माहिती कार्यालयाला लेखी दिली आहे. केवळ कागदावर पत्नीचे नाव घालून स्वतः धंदा चालवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो कृपया मानू नये.

खासगी बँकेत नोकरी, विजयनगर

माझे टी-शर्ट तिरुपूरहून आणलेल्या विणीच्या कापडाचे असतात. कापडाचे वजन, शिलाई, छपाई यांचा मी महिनाभर अभ्यास केला, परंतु नावाचा शोध घेतला नाही. गळ्यामागची पाचशे लेबले विणून आल्यावर कळले की तेच नाव ट्रेडमार्क नोंदणीत कपड्यांच्या, म्हणजे पंचविसाव्या, वर्गात दुसऱ्या कुणाच्या नावावर आधीच नोंदलेले आहे. सर्व लेबले बाजूला ठेवावी लागली. व्यक्तीसाठी ऑनलाइन ट्रेडमार्क अर्जाचे शुल्क एका वर्गाला 4,500 रुपये आहे. नोंदणीपुस्तकातला शोध तर विनामूल्य होता.

दुसरी गोष्ट जीएसटीची. पुण्यातल्या मावसभावाच्या मित्रमंडळींची मागणी आली तेव्हा समजले की परराज्यात असा माल विकायचा, तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी आवश्यक ठरते. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर 5 टक्के आणि त्यावरील कपड्यांवर 18 टक्के कर आहे, त्यामुळे किंमत ठरवताना ही सीमा मी कायम डोळ्यांसमोर ठेवतो.

शाळेत शिक्षिका, लोकमान्यनगर

मी दोन दिवाळ्यांनंतर थांबले. महेश्वरी कापडाची जाकिटे शिवून घेत असे. महेश्वरी साडीची बुगडी, म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरता येणारा काठ, जाकिटाच्या उलट्या बाजूलाही दिसावा अशी माझी कल्पना होती आणि ती लोकांना आवडलीही. मात्र अस्तर न लावता आतली शिवण स्वच्छ ठेवायची, तर प्रत्येक नगावर मास्टरजींबरोबर बसावे लागे आणि ते परीक्षेच्या दिवसांत जमेना. हात घाईचा होऊ लागला, ते मला कापडावर दिसू लागले, म्हणून आलेल्या मागण्या पूर्ण करून मी नव्या घेणे बंद केले. तोटा झाला नाही. वाईट मात्र वाटते. सात मापांचे पुठ्ठ्याचे फर्मे अजून मास्टरजींच्या दुकानात खुंटीला टांगलेले आहेत. हे काम पुढे न्यावे असे कुणाला वाटत असेल, तर मी ते आनंदाने देईन आणि पहिली दोन जाकिटे होईपर्यंत सोबत बसेन.